कॉल आता मध्येच तुटत नाही: एक आभारपत्र

सप्रेम नमस्कार,

तुमची ओळख मला झाली ती तुमच्या पॅचमधून, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्यांमधून, आणि प्रत्येक पॅचसोबत तुम्ही लिहिलेल्या टिपणातून. आपल्या या कॉल-मेसेजच्या ॲपच्या तक्रारी वाचून त्या योग्य माणसाकडे पोचवण्याचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे तुमच्या कामाचा फरक सगळ्यात आधी मला जाणवला. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण असं काम वापरणाऱ्याला दिसत नाही. नवं बटण आलं तर लोकांच्या लक्षात येतं. कॉल तुटायचा थांबला तर लोक फक्त बोलत राहतात.

तक्रारी साधारण एकाच छापाच्या असायच्या. ‘कॉल कट केला आणि ॲप बंद पडलं.’ ‘कॉल चालू असताना मेसेज आला आणि स्क्रीन गोठली.’ आणि शेवटी हमखास, ‘पण नेहमी होत नाही.’ हे शेवटचं वाक्य वाचलं की भलेभले हात टेकतात.

कॉल चालू असताना ॲपमध्ये एकाच वेळी बरेच थ्रेड, म्हणजे कामाच्या वेगवेगळ्या धारा, राबत असतात: स्क्रीन सांभाळणारा मुख्य थ्रेड, नेटवर्कचा, आवाजाचा, डेटाबेसचा. कट केल्यावर मुख्य थ्रेड कॉलचा ऑब्जेक्ट (मेमरीत ठेवलेली त्या कॉलची सगळी माहिती) मोडीत काढायचा, आणि नेमकं त्याच वेळी उशिरा पोचलेलं एखादं पॅकेट घेऊन नेटवर्कचा थ्रेड त्याच ऑब्जेक्टला हात घालायचा. बहुतेक वेळा त्या मेमरीत जुनीच माहिती शिल्लक असायची, म्हणून सगळं सुरळीत वाटायचं. कधीतरी ती जागा दुसऱ्या कामाला दिली गेलेली असायची. मग क्रॅश दिसायचा भलतीकडेच, फोटो उघडणाऱ्या कोडमध्ये नाहीतर संपर्कांच्या यादीत. तिथे जाऊन तपासण्या वाढवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. शोधासाठी लॉग, म्हणजे ॲपने स्वतः लिहिलेल्या नोंदी, वाढवले तर बग गायबच व्हायचा, कारण लॉग लिहिण्यात जाणाऱ्या वेळामुळे थ्रेडचा मेळच बदलायचा.

तुम्ही अंदाजावर गेला नाहीत. थ्रेड एकमेकांच्या मेमरीत कुठे लुडबुडतात ते पकडणारं थ्रेडसॅनिटायझर हे साधन लावून ॲप बांधलंत. त्याखाली प्रोग्राम साधारण 5 ते 15 पट मंद चालतो आणि मेमरी 5 ते 10 पट खातो. त्या अवस्थेत कॉल लावून, कट करून, पुन्हा लावून बघायला किती चिकाटी लागते हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. त्यातून तुम्ही दोन स्टॅक ट्रेस (थ्रेड कोडमध्ये कुठून कुठे पोचला याच्या याद्या) एकाखाली एक मांडलेत. वरच्यात मेमरी वाचणारा थ्रेड, खालच्यात तीच मेमरी आधी सोडून बसलेला थ्रेड. इतके दिवस ‘कधी कधी’ असलेली गोष्ट ओळ क्रमांकासकट समोर आली.

मला सगळ्यात जास्त आवडला तो तुमचा उपाय. तिथे एक लॉक, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप, ठोकून मोकळं होणं सोपं होतं. तुम्ही त्याऐवजी मालकी ठरवलीत: कॉलचा ऑब्जेक्ट एकाच थ्रेडचा. बाकीच्यांनी त्याला थेट शिवायचं नाही, आपलं काम रांगेत टाकायचं. आणि पाळी येईपर्यंत कॉल संपला असेल तर ते काम मुकाट्याने सोडून द्यायचं. शिवाय चुकीच्या थ्रेडवरून कुणी हाक मारली तर डिबग बिल्ड (चाचणीसाठीची आवृत्ती) जागच्या जागी थांबेल अशी तपासणी घातलीत. वेबआरटीसी या इंटरनेट कॉलसाठीच्या खुल्या प्रकल्पाच्या कोडमध्ये ही पद्धत आहेच, ती आमच्याकडे कधीच यायला हवी होती.

स्क्रीन गोठण्याचं कारण वेगळं निघालं. एक थ्रेड आधी कॉलचं लॉक घेऊन मग चॅटच्या यादीचं मागत होता, दुसरा नेमका उलट क्रमाने. मेसेज येणं आणि कॉल संपणं एकत्र घडलं की दोघेही एकमेकांसाठी खोळंबून राहायचे. त्यातला एक मुख्य थ्रेड असल्यामुळे अँड्रॉइडवर 5 सेकंदांनी ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ ही खिडकी यायची. तुम्ही लॉकचा क्रम ठरवून दिलात आणि लॉक हातात असताना बाहेरचा कॉलबॅक (दुसऱ्या भागाने दिलेलं फंक्शन) बोलवायचा नाही, हा नियम कोडमध्येच लिहून ठेवलात.

आवाजाबद्दल तर मुद्दाम लिहायला हवं. आवाज आकुंचित करून पाठवणाऱ्या ओपस कोडेकची नेहमीची फ्रेम, म्हणजे आवाजाचा एक तुकडा, 20 मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाला 48,000 नमुने धरले तर 960 नमुने. दर 20 मिलिसेकंदांनी पुढची फ्रेम तयार हवी, नाहीतर आवाज तुटतो. आमचा आवाजाचा थ्रेड एका लॉकसाठी थांबत होता, आणि ते लॉक डेटाबेसमध्ये मेसेज लिहिणाऱ्या कमी प्राधान्याच्या थ्रेडकडे असायचं, म्हणजे घाईचं काम बिनघाईच्या कामासाठी खोळंबायचं. 1997 साली मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान वारंवार रीसेट होत होतं ते याच जातीच्या दोषामुळे, आणि इंजिनिअरांनी तो पृथ्वीवरून दुरुस्त केला, हे तुमच्या टिपणातच मी पहिल्यांदा वाचलं. तिथे लॉकमध्ये प्राधान्य वारशाने देण्याची (लॉक धरलेल्या थ्रेडला थांबलेल्याचं प्राधान्य तात्पुरतं देण्याची) सोय चालू करून भागलं. तुम्ही आमच्या आवाजाच्या वाटेतून लॉकच काढून टाकलंत आणि एक लिहिणारा, एक वाचणारा असा रिंग बफर (गोलाकार वापरली जाणारी साठवणजागा) बसवलात. गर्दीच्या ग्रुपमध्ये मेसेजचा पाऊस पडत असताना कॉलवर समोरच्याचं वाक्य पूर्ण ऐकू आलं, तेव्हा मला खरंच भरून आलं. कुणी आजारी माणसाशी बोलत असतं, कुणी मुलाखत देत असतं. त्यांचं वाक्य अर्ध्यात तुटत नाही, याचं श्रेय तुमचं आहे.

आणि हे सगळं तुम्ही लहान लहान पॅचमध्ये दिलंत. प्रत्येकात बग कसा घडवून आणायचा ते सांगितलंत, रिव्ह्यूमध्ये नवख्यांनी विचारलेल्या प्रश्नांना न वैतागता उत्तरं दिलीत. त्यातली दोन मुलं आता स्वतः थ्रेडसॅनिटायझरचे अहवाल वाचतात.

तुमच्या सुचवणीप्रमाणे थ्रेडसॅनिटायझरची तपासणी आता रोज रात्री आपोआप चालते. पुढच्या आवृत्तीच्या बदलनोंदीत तुमचे आभार पहिल्या ओळीत मानायचं आम्ही ठरवलंय. खरं नाव द्यायचं की टोपणनाव, तेवढं कळवा.

तुमचा मनापासून आभारी,
तक्रारी वाचणारा एक सहकारी