घाटात गिअर शिकवणाऱ्यांचे आभार

आंबा घाटात, करूळ घाटात नवख्या ट्रकचालकांच्या शेजारी बसून गिअर शिकवणाऱ्या अनोळखी उस्तादांचे आणि क्लीनरदादांचे आम्हा सर्वांकडून मनापासून आभार.

सिंक्रो, म्हणजे गिअरच्या दातांचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नसलेल्या जुन्या गिअरबॉक्सला डबल क्लच लागतोच, हे तुम्ही न चिडता सांगत राहिलात. खालचा गिअर टाकताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच, मग गिअर. रेस कमी पडली की दात कर्रकर्र घासतात. तेव्हा दांडा रेटायचा नाही, न्यूट्रलला आणून रेस वाढवायची. दांड्यावर मूठ आवळायची नाही, नुसता तळहात ठेवायचा. गिअर बसायला आला की हाताला कळतं.

सगळ्यात मोठे उपकार उताराचे. गिअर घाटमाथ्यावरच खाली घ्यायला लावलात. साखरेची पोती भरलेली गाडी उतारात न्यूट्रल झाली, तर वेग वाढतो आणि गिअर परत पडत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांना तुम्ही दमात घेतलंत, फार बरं केलंत!

आणि चिरा (जांभा दगड) भरून चढताना थांबावं लागलं तर गाडी हाफ क्लचवर धरू नका, क्लचप्लेट जळते, हँडब्रेक लावा, हेही तुमचंच सांगणं.