प्रशिक्षकाच्या छातीवरचे ओझे

संपादक महोदय,

संघ दोन-तीन सामने हरला की ‘प्रशिक्षक बदला’ अशी ओरड सुरू होते, तेव्हा मला लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबचे माजी प्रशिक्षक जेरार हुलिए आठवतात. ऑक्टोबर २००१ मध्ये लीड्सविरुद्धच्या सामन्याच्या मध्यंतरात त्यांच्या छातीत कळ आली. महाधमनी फाटल्याचे निदान होऊन त्यांच्यावर सुमारे अकरा तास शस्त्रक्रिया झाली आणि तरीही पाच महिन्यांनी ते पुन्हा मैदानाच्या कडेला उभे होते. त्या आजाराला केवळ कामाचा ताण कारणीभूत होता असे म्हणता येणार नाही, परंतु इतक्या लवकर परतण्याची ओढ या पेशाबद्दल बरेच काही सांगते. त्याच क्लबचे तेव्हाचे प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांनी जानेवारी २०२४ मध्ये, संघ गुणतक्त्यात अव्वल असताना, आपली ऊर्जा संपत चालल्याचे सांगून पद सोडण्याचा निर्णय जाहीर केला.

आमच्या कोल्हापुरात पेठापेठांतील तालमींचे फुटबॉल संघ ईर्ष्येने खेळतात; तेथे तर हरलेल्या प्रशिक्षकाला त्याच गल्लीतून, त्याच नजरांसमोरून घरी जावे लागते. आपल्या क्रीडा पानावर पराभवाची कारणमीमांसा जरूर व्हावी, पण ‘हकालपट्टी करा’ असे मथळे टाळावेत, ही कळकळीची विनंती.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर