आपल्या बाजूचं खोटं कोण तपासणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात युद्धाच्या बातम्यांच्या शेजारी ती व्हायरल मेसेजची चौकट येते ना, खरं की खोटं वाली, ती मी सगळ्यात आधी वाचते, अग्रलेख त्यानंतर (रागावू नका). चौकट चांगली आहे, लिहिणाऱ्याने मेहनत घेतलेली दिसते, पण एक गोष्ट खटकत राहते म्हणून हे पत्र. त्या चौकटीत जे जे खोटं पकडलं जातं ते कायम समोरच्या बाजूचंच कसं काय असतं? म्हणजे खोटं बोलायचं सगळं कंत्राट शत्रूकडे आणि आपण सगळे हरिश्चंद्राचे वंशज, असं कुठल्याच युद्धात झालेलं नाही आजवर.

आधी एक सांगते, लोकांना वाटतं युद्धातला फेक व्हिडिओ म्हणजे काहीतरी हायफाय प्रकरण असणार, डीपफेक (एआयने बनवलेला हुबेहूब नकली व्हिडिओ) वगैरे. असतात तसेही. मार्च २०२२ मधे युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की आपल्या सैनिकांना शस्त्रं खाली ठेवा सांगतायत असा व्हिडिओ आला होता, एका युक्रेनी चॅनलची वेबसाइट हॅक करून तिथेच टाकला होता, पण डोकं धडाच्या मानाने मोठं आणि आवाज भलताच, लोक हसले आणि झेलेन्स्कींनी लगेच स्वतःचा व्हिडिओ काढून विषय मिटवला. पण बहुतेक माल इतका कष्टाचा नसतोच हो. जुना व्हिडिओ आणि नवीन कॅप्शन, बास. कुठल्यातरी देशातला अपघात, कुठल्यातरी तेलाच्या टँकरची आग, दोन चार वर्षांपूर्वीचा स्फोट, उचलायचं आणि वर लिहायचं "आत्ताचं, ब्रेकिंग". 'ध' चा 'मा' करायला आता आनंदीबाई लागत नाही, फुकटचं ॲप पुरतं.

आणि ते गेमचं तर विचारूच नका. आर्मा ३ नावाचा एक व्हिडिओ गेम आहे, २०१३ साली आलेला, त्यातली रणगाडे आणि विमानं इतकी खरी वाटतात की युक्रेनपासून गाझापर्यंत प्रत्येक युद्धात त्याच्या क्लिपा खऱ्या म्हणून फिरल्या. २०१९ मधे बालाकोटच्या वेळी सुद्धा त्याच कंपनीच्या आधीच्या गेमची क्लिप आपल्याकडे "हा बघा हल्ला" म्हणून फिरली होती. शेवटी नोव्हेंबर २०२२ मधे त्या चेक कंपनीलाच निवेदन काढावं लागलं की बाबांनो हे आमच्या गेममधलं आहे, आणि ओळखायचं कसं तेही त्यांनी सांगितलं, म्हणजे क्लिप मुद्दाम धूसर केलेली असते, कॅमेरा उगाच हलत असतो, बहुतेक रात्रीचा अंधार, आवाज गायब आणि माणसं जवळपास नाहीतच. गेममधे माणसं नीट हलताना दाखवणं अवघड असतं म्हणून अशा क्लिपमधे नुसती यंत्रं लढतात. हे एवढं एक वाक्य तुमच्या चौकटीत आलं असतं तर निम्मे फॉरवर्ड तिथेच थांबले असते.

आता एआयचे फोटो आलेत त्यामुळे काम वाढलं आहे हे मान्य. जून २०२५ मधे इस्रायल आणि इराणची जुंपली तेव्हा वाळवंटात पाडलेल्या इस्रायलच्या एफ-३५ या लढाऊ विमानाचा म्हणून एक फोटो फिरत होता. पहिल्या नजरेला जबरदस्त. पण जरा थांबून बघितलं तर विमानाभोवती जमलेली माणसं आणि शेजारच्या गाड्या एकाच मापाच्या, म्हणजे माणसं गाडीएवढी किंवा गाड्या माणसाएवढ्या, काय हवं ते समजा, आणि एवढं धूड आभाळातून पडलं तरी वाळूवर साधा ओरखडा नाही. त्याच वेळी डोंगरातून क्षेपणास्त्रं घेऊन ट्रकची न संपणारी रांग बाहेर पडतेय असा एक व्हिडिओ होता, त्यात रस्त्याकडेचे दगड आपोआप सरकताना दिसतात. हे ओळखायला कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही, डोळे आणि दोन मिनिटं लागतात. पण लोक काय करतात, तर एक्सवरच्या ग्रोक या एआय चॅटबॉटला विचारतात "हे खरं आहे का", आणि ग्रोक महाशय छातीठोकपणे सांगतात हो खरं आहे! खोटं बनवलं मशीनने, खरं ठरवलं पण मशीनने, माणूस मधे फक्त फॉरवर्ड करायला.

असो. माझा मुद्दा हा नाहीच.

माझा मुद्दा असा की वरची सगळी खोटी पकडणं सोपं असतं, कारण ती पकडावीशी वाटतात. अवघड असतं ते आपल्याला गोड लागणारं खोटं. युक्रेनचंच बघा, हल्ला त्यांच्यावर झालेला, जगाची सहानुभूती त्यांच्याकडे, तरी पहिल्याच दिवसात "घोस्ट ऑफ कीव्ह" आला, एकट्याने सहा रशियन विमानं पाडणारा पायलट, आणि त्याचा म्हणून जो व्हिडिओ फिरला तो डीसीएस नावाच्या फ्लाइट सिम्युलेटरमधला. एप्रिल २०२२ च्या शेवटी युक्रेनच्या हवाई दलानेच सांगितलं की तो कुणी एक माणूस नाही, लोकांनी रचलेली दंतकथा आहे. स्नेक आयलंडवरच्या सैनिकांचं तसंच, रशियन युद्धनौकेला सडेतोड उत्तर देऊन सगळे वीरमरण पावले म्हणून खुद्द राष्ट्राध्यक्षांनी मरणोत्तर सन्मान जाहीर केला आणि चार दिवसांत नौदल म्हणालं की ते जिवंत आहेत, कैदेत आहेत. आता ही दुसरी गोष्ट कुणी मुद्दाम केलेली नसेलही, बेटाशी संपर्क तुटला होता, युद्धाच्या धामधुमीत होतं असं. पण मरणाची बातमी ज्या वेगाने गेली त्या वेगाने जिवंत असल्याची गेली का? नाही गेली.

आणि आपल्याकडे? ८ मे २०२५ ची रात्र आठवा. ऑपरेशन सिंदूर सुरू होऊन एक दिवस झालेला आणि टीव्हीवर कराची बंदर उद्ध्वस्त, नौदलाचा हल्ला, पाकिस्तानच्या लष्करप्रमुखांना अटक, इस्लामाबाद तर जवळपास आपल्याच हातात, मागे सायरनचा आवाज लावलेला. कराची जळतंय म्हणून जो एक व्हिडिओ फिरला तो अमेरिकेत फिलाडेल्फियात त्याच वर्षी जानेवारीत झालेल्या विमान अपघाताचा होता. मग ११ मे ला सैन्यदलांची पत्रकार परिषद झाली त्यात नौदलाने सांगितलं की आम्ही कराचीसकट ठिकाणांवर हल्ला करायला पूर्ण तयार होतो. तयार होतो! म्हणजे केला नव्हता. ज्यांनी रात्रभर बंदर जाळलं त्यातल्या कितीजणांनी त्याच जोरात, त्याच सायरनसकट सांगितलं की आमचं चुकलं?

पलीकडे पण तेच. त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी चक्क संसदेत, सिनेटमधे, ब्रिटनच्या डेली टेलिग्राफने आमच्या हवाई दलाला आकाशाचा राजा म्हटलंय असं ठोकून दिलं. ते पहिलं पान बनावट होतं, छापलेल्या मजकुरात स्पेलिंगच्या ढोबळ चुका होत्या, टेलिग्राफने असं काही छापलेलंच नव्हतं. आणि हे उघडं कुणी पाडलं? भारताने नाही, पाकिस्तानातल्याच डॉन या पेपरने. युद्ध नुकतंच थांबलेलं असताना, देशभर विजयाचा माहोल असताना, आपल्याच मंत्र्याचं वाक्य तपासून चुकीचं आहे असं छापलं. मला डॉनचं काही विशेष कौतुक नाही, पण ह्याला म्हणतात फॅक्ट-चेक. समोरच्याचं खोटं पकडणं हा प्रचाराचाच एक भाग असू शकतो, स्वतःच्या माणसाचं पकडायला वेगळी हिंमत लागते.

कुणी म्हणेल की युद्धात लोकांचं मनोबल टिकवायचं असतं, असलं थोडंफार चालतं. थोडंफार कुणाचं? ७ मे ला पूंछमधे सीमेपलीकडून झालेल्या तोफमाऱ्यात एक शिक्षक गेले, मदरशात शिकवणारे. आपल्या काही चॅनलनी त्यांचा फोटो लावून सांगितलं की हा दहशतवादी मारला गेला. पूंछ पोलिसांना पत्रक काढून सांगावं लागलं की हे धादांत खोटं आहे, त्या माणसाचा दहशतवादाशी काडीचाही संबंध नाही. घरातला माणूस शत्रूच्या तोफगोळ्याने गेला आणि त्याच दिवशी आपल्याच देशातल्या टीव्हीने त्याला शत्रू केलं, त्या घरातल्या लोकांनी मनोबल कुठून आणायचं? पहलगामच्या वेळी पण असंच झालं होतं, हल्ल्यात गेलेल्या नौदल अधिकाऱ्याचा बायकोसोबतचा शेवटचा व्हिडिओ म्हणून जो फिरला त्यातलं जोडपं वेगळंच निघालं, त्यांना समोर येऊन सांगावं लागलं की आम्ही जिवंत आहोत, आमचा व्हिडिओ लावू नका.

दुसरी एक बाजू आहे जी तुमच्या चौकटीत कधीच येत नाही, ती म्हणजे खऱ्याला खोटं ठरवणं. मला तर हे जास्त भयंकर वाटतं. २०२२ मधे युक्रेनमधल्या बुचा गावातून रशियन सैन्य निघून गेलं आणि रस्त्यावर मृतदेह सापडले तेव्हा रशियाने सांगितलं की हे नाटक आहे, आम्ही गेल्यावर मांडलंय, आणि गाडीतून काढलेल्या एका व्हिडिओत प्रेत हात हलवतंय, आरशात एक प्रेत उठून बसतंय असं दाखवत लाखो लोकांनी ते फिरवलं. पत्रकारांनी तोच व्हिडिओ हळू करून बघितला तर हात म्हणून जे दिसत होतं तो पुढच्या काचेवरचा एक ठिपका होता आणि आरशाच्या बाकामुळे मागचं सगळंच, घरंसुद्धा, वाकडं होत होतं. वर उपग्रहाचे फोटो काढले तर याब्लुन्स्का रस्त्यावर त्याच जागी त्या आकृत्या मार्चच्या मध्यातच दिसतात, म्हणजे रशियन सैन्य गावात असतानाच. इथे तपासणीने "फेक" असा शिक्का मारला नाही, तर खरं घडलेलं वाचवलं. गाझातही मेलेल्या लहान मुलांना बाहुल्या म्हटलं गेलं, रडणाऱ्या माणसांना नट म्हटलं गेलं. सगळंच खोटं असतं बुवा, कशावरच विश्वास ठेवू नका असं म्हणणारी मंडळी स्वतःला फार हुशार समजतात पण ज्याने गुन्हा केला त्याला नेमकं तेच हवं असतं.

आणि कहर म्हणजे फॅक्ट-चेकच फेक. युक्रेन युद्धाच्या पहिल्या आठवड्यांत रशियन भाषेत असे व्हिडिओ फिरले की युक्रेन हा जुना स्फोट आत्ताचा म्हणून दाखवतंय, बघा आम्ही पकडलं. अमेरिकेतल्या प्रोपब्लिकाने आणि क्लेम्सन विद्यापीठातल्या संशोधकांनी शोधलं तेव्हा कळलं की तो मूळ खोटा व्हिडिओ युक्रेनच्या बाजूने कुणी फिरवल्याचं सापडतच नाही. चोर पण यांचाच आणि पकडणारा हवालदार पण यांचाच. म्हणून नुसता लाल अक्षरात "खोटं" असा शिक्का मारून भागत नाही, कसं शोधलं ते दाखवायला लागतं. मूळ व्हिडिओ कधी अपलोड झाला, तोच फोटो टाकून इंटरनेटवर शोधलं तर आधी कुठे सापडला, मागच्या डोंगराची रेघ किंवा दुकानाची पाटी कुठल्या गावाशी जुळली, सावली ज्या दिशेला पडलीय ती त्या वेळेची असू शकते का. २०१४ मधे युक्रेनवरून जाणारं मलेशियाचं एमएच-१७ हे प्रवासी विमान पाडलं गेलं, २९८ माणसं गेली, तेव्हा बेलिंगकॅट या इंटरनेटवरून शोध घेणाऱ्या गटाने सामान्य लोकांनीच टाकलेल्या फोटो-व्हिडिओतून ते पाडणाऱ्या बुक नावाच्या क्षेपणास्त्राचं वाहन कुठल्या रस्त्याने गेलं ते टप्प्याटप्प्याने लावून दाखवलं, कुणालाही परत तपासता येईल अशा पद्धतीने. विश्वास ठेवा असं म्हणायची वेळच येत नाही मग.

सरकारी फॅक्ट-चेकबद्दल थोडंसंच. एटीएम बंद राहणार, देशभरातल्या सगळ्या विमानतळांवर प्रवेश बंद असल्या अफवांना पीआयबीने (केंद्र सरकारच्या प्रसिद्धी खात्याने) उत्तर देणं हे गरजेचं आहे आणि त्यांनी मे २०२५ मधे ते दिलंही पटापट. पण युद्धात सरकार हा एक पक्ष असतो, जगातलं कुठलंही सरकार, त्यामुळे सरकारने खोटं म्हटलं म्हणजे खोटं एवढ्यावर तुमची चौकट भरत असेल तर ती चौकट नाही, पत्रक आहे.

म्हणून मागणी साधी आहे. चौकटीत आपल्या बाजूचे दावेही घ्या. जे तपासून झालेलं नाही ते तपासून झालेलं नाही असंच छापा, "सूत्रांनुसार" लिहून पळवाट काढू नका, वाचकाला एक दिवस थांबायला काही होत नाही. आणि दुरुस्ती. सायन्स मासिकात २०१८ मधे एमआयटीच्या लोकांचा ट्विटरवरचा अभ्यास आला होता, त्यात खोटी बातमी रिट्वीट होण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली, आणि तेही बॉट (आपोआप पोस्ट टाकणारी खाती) काढून टाकून, म्हणजे हे तुमच्या-माझ्यासारखी माणसंच करतात. अशा वेळी पहिल्या पानावर आठ कॉलम चुकायचं आणि आतल्या पानावर कोड्याच्या खाली दोन ओळींचा खुलासा द्यायचा हे वरातीमागून घोडं झालं, तेही लंगडं. जिथे चुकलं तिथेच, त्याच टाइपात खुलासा द्या.

सुरुवात कुठून करायची असं वाटत असेल तर तुमचाच ९ मे २०२५ चा अंक काढा, पहिलं पान, वरून दुसरी बातमी.

आपली,
एक नियमित वाचक