रेशन म्हणजे स्वस्त धान्य नव्हे

संपादक महोदय,

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश घरांविषयीचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. धीराचे आणि रांगांचे वर्णन ठीक आहे, पण ‘रेशन’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर स्वस्त धान्याचे दुकान येते. लेखकाचेही तसेच झाले असावे. तिथे रेशन म्हणजे यापेक्षा जास्त घेता येणार नाही आणि एवढे मात्र मिळणारच, अशी दुहेरी हमी होती. कुपन होते म्हणून पैसे सुटत नव्हते. सरकारने बांधून दिलेल्या भावाने ते मोजावेच लागत.

8 जानेवारी 1940 रोजी सुरुवात झाली ती बेकन, लोणी आणि साखरेपासून. माणशी आठवड्याला बेकन 4 औंस, लोणी 4 औंस, साखर 12 औंस. औंस म्हणजे साधारण 28 ग्रॅम, तेव्हा लोणी सव्वाशे ग्रॅमसुद्धा नाही. त्याच वर्षी जुलैत चहा 2 औंसांवर आला. या वस्तूंसाठी कुटुंबाने आपले नाव एका ठरावीक दुकानात नोंदवायचे आणि दुकानदाराला माल मिळायचा तो नोंदलेल्या डोक्यांच्या हिशेबाने. त्यामुळे आपल्या वाट्याचे लोणी सहसा बुडत नसे, पण वाणी आवडला नाही म्हणून मधेच दुसरीकडे जाण्याचीही सोय नव्हती. रांगा लागत त्या बहुतेक रेशनबाहेरच्या मालासाठी, म्हणजे मासळी, सॉसेज, फळे यांसाठी. लेखात नेमके उलटे आले आहे.

मांसाचे गणित वेगळेच होते. ते वजनावर नव्हे, किमतीवर मोजत. मार्च 1940 मध्ये मोठ्या माणसाला आठवड्याला 1 शिलिंग 10 पेन्सचे मांस घेता येई. पुढे हा आकडा बराच खाली आला. तेवढ्या पैशांत चांगल्या चापा घेतल्या तर एका जेवणात संपत, तेच मंद आचेवर तास-दोन तास शिजवायचे चिवट तुकडे घेतले तर वजन जास्त भरे. घर चालवणारीचे कसब इथे दिसायचे.

अंड्याच्या भुकटीची लेखात थट्टा आहे. भुकटी वाईट नव्हती, मापात चूक होई. 1942 पासून मिळू लागलेला डबा 12 अंड्यांच्या बरोबरीचा, साधारणपणे चार आठवड्यांना माणशी एक. एका अंड्यासाठी भुकटी एक सपाट मोठा चमचा आणि पाणी दोन चमचे. मिसळून पाचेक मिनिटे ठेवायचे, म्हणजे भुकटी पाणी पिते. मग लाकडी चमच्याने गुठळ्या मोडायच्या आणि शेवटी फेटायचे. शीग लावून चमचा भरला की ऑम्लेट चामड्यासारखे होई. कालवलेले लगेच वापरायचे, ठेवायचे नाही, आणि डब्याचे झाकण घट्ट लावायचे. ओल लागली की भुकटीचे ढेकूळ होते.

काळ्या पडद्यांविषयी तर एकच वाक्य आहे. शत्रूच्या विमानांना उजेड दिसू नये म्हणून 1 सप्टेंबर 1939 पासून रोज संध्याकाळी प्रत्येक खिडकी झाकणे सक्तीचे झाले. हे पडदे धुवायचे नसत. पाण्याने कापडातून उजेड झिरपू लागतो, म्हणून झटकायचे, ब्रश मारायचा आणि इस्त्री करायची. पडदा काचेवर चोख बसला तरी कडेच्या फटीतून रेघ दिसे आणि पहारेकरी दार ठोठावी. नीट बंद केलेल्या खोलीत हवा कोंदायची, हा त्याचा दुसरा त्रास. 1 जून 1941 पासून कपड्यांवरही कुपने आली. वर्षाला 66, त्यांतली 26 पुरुषाच्या एका सुटातच जात. पण पडद्याचे काळे कापड कुपनाशिवाय मिळे, त्यामुळे त्याचेही कपडे शिवले गेले.

आता बॉम्बहल्ल्यातला आसरा. अँडरसन शेल्टर, म्हणजे बागेत पुरायचा पत्र्याचा आसरा, ‘सरकारने सर्वांना फुकट दिले’ हे बरोबर नाही. वर्षाला 250 पौंडांपर्यंत मिळकत असलेल्यांना फुकट, बाकीच्यांना 7 पौंड. शिवाय बाग हवी. वाकवलेले पन्हळी पत्रे 4 फूट खोल खड्ड्यात उभे करून माथ्यावर बोल्टने जोडायचे आणि वर निदान 15 इंच माती टाकायची. स्फोटाच्या धक्क्याला हा पत्रा चांगला टिके, पण खड्डा तो खड्डाच. जमिनीत पाणी वर असले की तळाशी साचे, पत्र्याला आतून घाम सुटे आणि लहान मुलांना घेऊन तिथे रात्र काढणे अवघड होई. पुष्कळ कुटुंबे पुन्हा जिन्याखाली झोपू लागली.

मार्च 1941 मध्ये आलेले मॉरिसन शेल्टर घरातच, तळमजल्यावर बसवायचे होते. साडेसहा फूट लांब, 4 फूट रुंद, अडीच फूट उंच असा हा पोलादी पिंजरा. वर पत्रा, बाजूंना जाळी, दिवसा जेवणाचे टेबल. सुटे भाग 359 आणि सोबत तीन हत्यारे. अभियंता जॉन बेकर यांनी तो अजिबात वाकू नये असा केलाच नव्हता. वरचा मजला कोसळला की सांगाडा थोडा वाकून तो आघात पचवतो, म्हणून आतली माणसे वाचतात. थेट बॉम्ब पडला तर मात्र उपाय नव्हता.

जाता जाता: ब्रेड युद्धभर रेशनवर होता, हेही चुकीचे आहे. युद्धात एकदाही नव्हता. त्यावर रेशन आले जुलै 1946 मध्ये, युद्ध संपल्यावर, आणि उठले 1948 मध्ये. एवढी दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी.

आपला,
एक वाचक