मन रिकामं करा म्हणे, पण कसं?

संपादक महोदय,

तुमच्या पुरवणीतला प्रार्थनेवरचा लेख वाचला, चांगला होता, पण एक वाक्य काही पटलं नाही. प्रार्थनेला बसण्याआधी मनातले सगळे विचार काढून टाका म्हणे. अहो, काढून टाकायचे कुठे? डोळे मिटले रे मिटले की गॅस बंद केला का, विम्याचा हप्ता राहिलाय, आणि सकाळी ऑफिसात जे ऐकून घेतलं त्याला काय उत्तर द्यायला हवं होतं, हे सगळं एकदमच सुरू होतं आणि ते उत्तरपण नेमकं तेव्हाच सुचतं.

कित्येक वर्षं मी मनाशी भांडत बसायचे. विचार आला की हाकल, परत आला की परत हाकल, आणि उठताना चिडचिड वेगळीच. मग कधीतरी वाचलं की १९८७ मध्ये डॅनियल वेगनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा असं सांगितलं होतं. घंटी वाजतच राहिली! वर ज्यांनी आधी विचार दाबला त्यांना नंतर मोकळीक दिल्यावर अस्वल जास्तच आठवलं. तेव्हा जरा बरं वाटलं, म्हटलं आपलंच डोकं फिरलेलं नाहीये.

आता मी काय करते, बसायच्या आधी एक कागद घेऊन डोक्यात घोळतंय ते सगळं लिहून काढते, अगदी क्षुल्लक पण, नळ गळतोय इथपासून बहिणीला फोन करायचाय इथपर्यंत, आणि दोन मिनिटांचं काम असेल तर सरळ उठून करून टाकते. मनाला बहुतेक विसरायचीच धास्ती असते, लिहिलं की सोडतं ते. फोन मात्र दुसऱ्या खोलीत, नुसता सायलेंट करून भागत नाही, उपडा ठेवला तरी हात तिकडेच जातो.

आणि धावतपळत येऊन बसू नये. ज्यूंच्या मिश्ना नावाच्या जुन्या धर्मग्रंथात म्हटलंय की पूर्वीचे भक्त प्रार्थनेआधी तासभर नुसते थांबायचे, मन देवाकडे वळावं म्हणून. तासभर आपल्याला कुठला जमणार, पण पाच मिनिटं गप्प बसायला काय हरकत आहे. मुसलमान नमाजाआधी वुजू करतात, त्यातही हातपाय धुण्याबरोबर मागचं मागे ठेवायला सवड मिळत असणार. गीतेत अर्जुन म्हणतो की मन आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं अवघड आहे, तर कृष्णपण आधी ते कबूल करतो आणि मगच अभ्यास, म्हणजे सततचा सराव, आणि वैराग्य सांगतो. तुमच्या लेखकाने मात्र एका ओळीत उरकलं.

असो. आजच्या चिठ्ठीत पहिलंच काम 'पेपरला पत्र' असं होतं, गेले चार दिवस तेच मध्ये मध्ये येत होतं.

- एक वाचक