ती तुझी चूक नव्हती

येळ्ळूर, ता. बेळगाव

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

खंडेनवमीला तुझी चेतक स्कूटर सुरू झाली, तिसऱ्या किकला. फोनवर तुला एवढंच सांगितलं. पुढचं बोलायला मला जमलं नसतं, म्हणून लिहितो आहे.

मे महिन्यात जांबोटीच्या रस्त्यावर इंजिन जाम झालं आणि मागचं चाक अडकलं. तू त्याच क्षणी क्लच दाबलास म्हणून पडली नाहीस. घरी आलीस तेव्हा मी आधी तुझे हातपाय बघायला हवे होते. मी म्हणालो, "ताणली असशील, नाहीतर पेट्रोलमध्ये ऑइल कमी घातलं असशील." तू गप्प राहिलीस, आणि जूनमध्ये पुण्याला गेलीस तीही तशीच. ताई, तू ऑइल बरोबर घातलं होतंस. गाडी ताणलीही नव्हतीस. इंजिन उघडल्यावर मला ते दिसलं. कसं दिसलं, ते सगळं सांगतो.

लावणी आटोपल्यावर श्रावणात इंजिन उतरवलं. चेतकला ते सोपं. केबली, वायरी, पेट्रोलची नळी, शॉकॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट आणि मधला लांब बोल्ट सुटला की इंजिन चाकासकट हातात येतं. लांब बोल्ट गंजून बसला होता, त्यालाच अर्धा दिवस गेला. धाकट्याने इंजिन धरलं आणि पडवीत पोत्यावर ठेवलं.

हेड काढलं. पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या ब्लॉकमध्ये उभे ओरखडे होते, पिस्टनच्या सायलेन्सरकडच्या अंगाला ॲल्युमिनियम पुसून रिंगांवर चढलेलं. प्लगचं टोक पांढरट. एवढ्यावरून ऑइल कमी पडलं असंच कुणीही म्हणेल. पण ऑइल कमी पडलं की कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या बेअरिंगलाही झळ लागते, लोखंड निळसर पडतं. इथं तर बेअरिंग तेलानं ओलं होतं, रॉड स्वच्छ, हातानं हलवला तर वरखाली जराही खेळ नाही. त्या क्षणी मी पाना खाली ठेवला आणि थोडा वेळ तसाच बसलो.

मग पुलर लावून मॅग्नेट काढला, ठिणगीची वीज तयार करणारं ते चाक. त्याच्या मागचं ऑइल सील, म्हणजे दांड्याभोवतीचं रबरी कडं, वाळलेल्या चामड्यासारखं कडक झालं होतं, ओठाला एका जागी चीर. तुझ्या गाडीचा घात तिथून झाला. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी खाली क्रँकच्या खोलीत येतात आणि तिथून वर ब्लॉकमध्ये जातात. ती खोली हवाबंद हवी. सील फाटलं की इंजिन तिथून बाहेरची हवा ओढतं. पेट्रोलचं प्रमाण घटतं, आणि ऑइल पेट्रोलमधूनच येतं म्हणून तेही घटतं. वरचा भाग जास्त तापतो, पिस्टन फुगतो आणि धरतो. क्लचकडचं सील गेलं असतं तर गिअरचं ऑइल ओढलं गेलं असतं, मागून ढगासारखा धूर आला असता, सगळ्यांना कळलं असतं. मॅग्नेटकडचं सील तशी धुराची वर्दी देत नाही. त्याची मोठी खूण ही, ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस पटकन उतरत नाही.

आणि हे तू मला एप्रिलमध्येच सांगितलं होतंस. "बाबा, सोडली तरी रेस चढलेलीच राहते की." मी केबलचा स्क्रू फिरवला आणि झालं म्हणालो. त्याआधीच्या वर्षी एका मेकॅनिकनं नवा पिस्टन बसवून दिला होता. जुना का गेला, हे त्याने बघितलं नाही. पण त्याला काय बोलू? मी सत्तावीस वर्षं उद्यमबागेत लेथवर काढली आहेत, मीही विचारलं नाही.

ब्लॉक घेऊन तिथल्याच माझ्या जुन्या जोडीदाराकडे गेलो. मूळ बोअर, म्हणजे ब्लॉकच्या भोकाचा व्यास, ५७ मिलिमीटर. मागच्या वेळचा पिस्टन ०.२५ ओव्हरसाइज, म्हणजे तेवढा मोठा होता, आता ०.५० करावा लागला, म्हणजे ५७.५. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ५७च आहे, तेव्हा १४५ सीसीचं इंजिन आता भरतं १४८. तू फोनवर विचारलं होतंस, मोठ्या ब्लॉक-पिस्टनचं किट का नाही घालत? विचार मीही केला. पण ब्लॉकची भिंत पातळ होते, उष्णता वाढते, आणि ब्रेक मात्र तेच जुने ड्रमचे राहतात. चोर्ला घाटाच्या उतारावर तू असशील, हा विचार आला आणि तो विषय मी संपवला. पिस्टन आधी नेऊन दिला, त्याच्या मापानं बोअर करून घेतला. शेवटचं होनिंग, म्हणजे आतली घासाई, करताना जोडीदार स्वतःलाच कानडीत "निधान, निधान" म्हणत होता, म्हणजे सावकाश, सावकाश. ब्लॉकच्या भिंतीतल्या भोकांच्या, म्हणजे पोर्टच्या, धारा मी घरी दगडानं हलकेच मोडल्या, नाहीतर रिंग तिथं अडकून तुटते. रिंगच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजली, ०.३० मिलिमीटर आली.

बदल केला तो इग्निशनमध्ये, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागात. पॉइंट आणि कंडेन्सर काढून १२ व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक सेट घातला. मॅग्नेट, कॉइल प्लेट आणि ठिणगी सोडणारा सीडीआय डबा, तिन्ही एकाच जोडीचे घेतले. पॉइंट झिजला की टायमिंग सरकतं, ती कटकट गेली. दिवाही आता रात्री रस्ता दाखवण्याइतका पडतो, आणि मला तोच हवा होता.

बेअरिंग बसवायच्या आदल्या रात्री ती फ्रीजमध्ये ठेवली होती. सकाळी केसिंग गॅसवर जुन्या तव्यात तापवलं, पाण्याचा थेंब चर्र करेपर्यंत. आई दारात येऊन म्हणाली, "आता हे काय शिजवालाय?" पण फडकं घेऊन केसिंग तिनेच धरलं. बेअरिंग हातोडीशिवाय आत बसलं. दोन्ही सील विटॉन रबराची घातली, उष्णता आणि पेट्रोल दोन्ही सोसणारी.

सगळं जोडल्यावर मला झोप येईना. पुन्हा कुठून हवा ओढली तर? आजीचं बीपी बघायचं काट्याचं यंत्र आठवलं. कार्बोरेटरची आणि सायलेन्सरची तोंडं रबर लावून बंद केली, प्लगच्या भोकात नळी बसवली आणि फुग्यानं हवा भरली, काटा २५० पर्यंत. काटा हळूहळू उतरत होता. साबणाचा फेस लावून बघितलं, तर ब्लॉकखालच्या पॅकिंगशी बुडबुडे. ब्लॉक पुन्हा उचलला, नवं पॅकिंग घातलं. दुसऱ्यांदा काटा जागचा हलला नाही. मी आईला हाक मारून दाखवला.

आता नवा पिस्टन रुळावा म्हणून रोज संध्याकाळी राजहंसगडाच्या चढापर्यंत नेऊन आणतो, चाळीसच्या वर नाही. चढावर एका वेगात धरून ठेवत नाही, सोडतो, पुन्हा देतो. परवा प्लग काढून बघितला, चहाच्या रंगाचा तपकिरी आहे. रेस सोडली की लगेच उतरते. हे मी रोज तीन-चारदा मुद्दाम करून बघतो.

दिवाळीला येशील तेव्हा ५०० किलोमीटर पुरे होतील, पुढची गाडी तुझी. लिटरला २० मिली ऑइल, तुझ्याच मापानं, ती बाटली डिकीत जशीच्या तशी आहे. जांबोटीला जायचं असेल तर जा, मी मागे बसतो. नको म्हणालीस तर घरी थांबेन.

येताना किकचा रबर घेऊन ये. चेतक जिथं तयार व्हायच्या त्या आकुर्डीतच राहतेस, तिथं मिळेल. इथं दोन दुकानांत विचारलं, दोन्हीकडे दुसऱ्या मापाचा होता.

तुझे बाबा