कान बांधत जा

चि. पल्लवी, अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवल्यावर आई काही बोलली नाही, पण रात्री दोनदा उठून बसली. फोनवर तू "अण्णा, इथं सगळ्यांचंच होतं" म्हणून विषय बदलतेस, म्हणून लिहितोय.

वीस मिनिटं बस आली नाही, कानाची पाळी पांढरी पडली, मग दुखायचं थांबलं म्हणून तुला बरं वाटलं. अगं, दुखायचं थांबतं तिथंच घात असतो. तूच पाठवलेल्या तक्त्यात आहे, वारा धरून उणे ४० भरलं की उघडी कातडी पाच-दहा मिनिटांत गोठते. आपल्या निफाडला पारा ५ वर आला तर पेपरात बातमी येते. तुझ्या कॅनडातल्या विनिपेगची जानेवारीची सरासरीच उणे १६, समुद्र लांब, उत्तरेचा वारा अडवायला डोंगर नाही. आत सुती घालू नकोस, घाम धरून ठेवतं. गोठलेला कान चोळायचा नाही, कोमट पाण्यानं शेकायचा. आणि घरातून निघतानाच कान बांधायचे, थांब्यावर गेल्यावर नाही.

बघ, पुन्हा शाळा भरवली मी. रागावू नकोस.

सातवीत होतीस. थंडीनं द्राक्षाचे मणी तडकतील म्हणून पहाटे चारला माझ्याबरोबर बागेत यायचीस, छाटणीच्या काड्यांच्या शेकोट्या पेटवायला. धुरानं डोळे लाल. एकदा पानावरचं गोठलेलं दव नखानं खरवडून मला दाखवलंस, "अण्णा, बर्फ!" तेव्हाही आजीची कानटोपी खिशातच होती.

पारावर मी सगळ्यांना सांगतो, जिथं गाडीच्या इंजिनालासुद्धा रात्री विजेचा प्लग लावून ऊब द्यावी लागते, तिथं माझी पोरगी एकटी राहून शिकते. सांगताना छाती भरून येते. मग घरी येऊन मोबाइलवर तुझ्याकडचं तापमान बघतो. आई विचारते, किती? उणे ३१ असलं तर मी उणे २० सांगतो.

पाळीवर फोड आला असेल तर फोडू नकोस, डॉक्टरला दाखव. बस चुकली तर टॅक्सी कर. पैशाकडे बघू नकोस, यंदा माल बरा आहे. आत्यानं विणलेली टोपी पार्सलनं पाठवतोय, ती कानाच्या खालीपर्यंत येते. केस बसतात म्हणून काढून ठेवू नकोस.

आज फोटो पाठव. दोन्ही कानांचा.

तुझे,
अण्णा